वायू एकूण वस्तुमानापेक्षा जास्त भरतोय? कॅलिब्रेशन सोडा, गुणक बघा

तुम्ही लिहिलंय, विलीन होणाऱ्या दीर्घिकांच्या जोडीच्या गाभ्यात कार्बन मोनॉक्साइडच्या ११५.२७ गिगाहर्ट्झच्या रेडिओ वर्णरेषेवरून काढलेलं वायूचं वस्तुमान, फिरण्याच्या वेगावरून काढलेल्या एकूण वस्तुमानापेक्षा जास्त येतंय आणि तुम्ही तिसऱ्यांदा कॅलिब्रेशन (दुर्बिणीच्या मापांची जुळणी) करताय. वाचून पोटात कालवलं. माझे यात आठ महिने गेले.

वायूचं वस्तुमान काढायला रेषेच्या तेजस्वितेला तुम्ही ४.३ ने गुणलंय ना? मीही तेच केलं होतं. तो गुणक आपल्या आकाशगंगेतल्या, स्वतःच्या गुरुत्वाने बांधलेल्या सुट्या ढगांचा. टक्कर झालेल्या गाभ्यात ढग सुटे उरतच नाहीत. वायू सलग पसरतो, तापतो, ताऱ्यांच्या गुरुत्वाखालीही फिरतो. रेषा रुंदावते आणि तेवढ्याच वायूतून कितीतरी जास्त उत्सर्जन बाहेर पडतं. डाउन्स आणि सॉलोमन या खगोलशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये आर्प २२० सारख्या विलीन होणाऱ्या दीर्घिकांसाठी ०.८ च्या आसपासचा गुणक काढला. फरक पाचपटीहून जास्त!

निरीक्षणं जिथून मिळाली तिथल्या मदत कक्षाला मी तीनदा लिहिलं. दर वेळी एकच उत्तर, ‘डेटा तपासणीत उत्तीर्ण आहे’, आणि सोबत मी आधीच वाचलेल्या मार्गदर्शिकेचा दुवा. डेटा खरंच ठीक होता. पण ‘वस्तुमान कसं काढलंत?’ एवढं कुणी विचारलं असतं तर! त्याचा राग अजून जात नाही.

आता ०.८ सुद्धा डोळे मिटून लावू नका. गाभा आणि टकरीत बाहेर ओढल्या गेलेल्या वायूच्या शेपट्या यांना एकच गुणक लावणं मला साफ चुकीचं वाटतं. धुळीच्या उत्सर्जनावरून पडताळा घ्या. कार्बन-१३ असलेल्या कार्बन मोनॉक्साइडची ११०.२० गिगाहर्ट्झची रेषाही बघा, पण अशा गाभ्यांत ती फिकी असते, तेव्हा दुर्बिणीचा वेळ भरपूर मागा.

तुमचा डेटा मी पाहिलेला नाही, त्यामुळे फिरत्या वायूच्या तबकडीचा कल चुकलेला असणंही शक्य आहे. ती जवळजवळ समोरून दिसत असेल तर एकूण वस्तुमान सहज कमी भरतं. छोट्या बेसलाइन (जवळजवळच्या अँटेनांच्या जोड्या) नसल्यामुळे पसरलेलं उत्सर्जन निसटलं असेल, तर मात्र वायू कमी दिसायला हवा, म्हणजे तुमच्या उलट.

जाता जाता: रेषेच्या सरकण्यावरून वेग काढताना रेडिओ पद्धतीचं सूत्र वापरलंय की ऑप्टिकल, तेही पाहा. सेकंदाला ५४०० किमीच्या आसपास दोन्हींत सुमारे ९५ किमीचा फरक पडतो.