साडेतेरा हजारांचा ब्लेझर आणि थांबवायची एसआयपी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकजवळच्या अंबडच्या कंपनीत बढती मिळाली, आता महिन्यातून दोनदा ग्राहकांकडे जायचं असतं. कधी पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई, कधी रस्त्याने पुणे, प्रत्येक वेळी साधारण दोन दिवस. साहेबांनी सुचवलंय की एक बरा ब्लेझर घ्या. कॉलेज रोडच्या शोरूममध्ये वूल मिक्सचा १३,५०० रुपयांना आवडलाय, सहा महिन्यांच्या 'नो कॉस्ट' हप्त्यावर मिळतोय. ऑनलाइन एक २,३९९ ला दिसतोय. वडील म्हणतात, मेन रोडवरून कापड घे आणि शिवून घे. हातात पगार ४८,००० येतो, अडीअडचणीसाठी ४०,००० बाजूला आहेत, एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक, ६,००० ची. ती दोन महिने थांबवून शोरूमचा ब्लेझर रोखीने घ्यावा का?

माझं उत्तर: वडिलांचं ऐका. तेच ठीक का, हे मात्र आकड्यांनीच सांगतो, नाहीतर तुम्हाला ते जुन्या माणसाचं बोलणं वाटेल.

महिन्याला चार दिवस म्हणजे वर्षाला ४८. त्यातून एप्रिल-मे वगळा, तेव्हा ब्लेझर अंगात कमी आणि हातावर जास्त असतो. वर्षाला ४० वेळा वापर धरू. ऑनलाइनवाला पॉलिस्टर-व्हिस्कोसचा असणार. प्रवासात घासून घासून त्याची कोपरं आणि बाह्यांची टोकं चमकायला लागतात, म्हणून ५० वापर धरतो. शोरूमचा चार वर्षं टिकला तर १६० वापर. शिवलेल्याचे १३० धरतो, जरा हात आखडूनच. कापड सव्वादोन मीटर, १,४०० च्या भावाने ३,१५०, शिलाई ३,८००, एकूण ६,९५०. तुमचा शिंपी थोडं वरखाली सांगेल. भागाकार केला की एका वापराला ऑनलाइनचे ४८, शोरूमचे ८४ आणि शिवलेल्याचे ५३-५४ रुपये पडतात.

इथे थांबलं तर ऑनलाइनवाला जिंकतो, आणि बहुतेक लोक इथेच थांबतात. खरी मेख ड्रायक्लीनमध्ये आहे. पॉलिस्टरमध्ये घामाचा वास धरून राहतो. मुंबईत दिवसभर घालून फिरलात की चार-पाच वापरांत ब्लेझर धुवायला टाकावाच लागतो. एका वेळचे ३०० धरले तर वापरामागे ६० रुपये आणखी. लोकरीचा धागा अंगाचा ओलावा शोषून नंतर हवेत सोडून देतो. रात्री हँगरवर वाऱ्याला लावला की सकाळी ताजा होतो, दहा-बारा वापरांनी ड्रायक्लीन पुरतं, म्हणजे वापरामागे साधारण २५. आता बेरीज पाहा: ऑनलाइन १०८, शोरूम १०९, शिवलेला ७९. अडीच हजारांची वस्तू आणि साडेतेरा हजारांची वस्तू शेवटी एकाच भावाला पडते! वापर आणि धुलाईचे आकडे माझे अंदाजाचे आहेत. तुमच्या सवयी घालून हेच गणित पुन्हा करा, शिवलेला बहुतेक पुढेच राहील.

कराचाही हात आहे यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या तयार कपड्यावर जीएसटी ५ टक्के आणि त्याच्या वर १८ टक्के आहे. म्हणजे शोरूमच्या १३,५०० मध्ये सुमारे २,०६० रुपये निव्वळ कर. कापडावर मात्र ५ टक्केच, आणि वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या शिंप्याला सहसा जीएसटीची नोंदणीच लागत नाही. शिवून घेणं स्वस्त पडतं याचं एक कारण हे आहे. ब्लेझरचा खर्च प्राप्तिकरात दाखवता येईल का, असंही तुम्ही विचारलंय. पगारदाराला नाही. नव्या करप्रणालीत ७५,००० ची, जुनीत ५०,००० ची प्रमाणित वजावट मिळते, तुमचे असे सगळे खर्च त्यातच आले.

'नो कॉस्ट' हप्त्याबद्दल फार लिहीत नाही. व्याजाएवढी सूट आधी किमतीत दाखवतात, मग व्याज लावतात. त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच माथी. रक्कम लहान असते. पण एक हप्ता चुकला आणि क्रेडिट कार्डावर बाकी राहिली, तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चढतं. दुकानात सरळ विचारा, रोख दिले तर किती कमी कराल? खरी किंमत तिथे कळते.

एसआयपीचं म्हणाल तर दोन हप्ते चुकल्याने म्हातारपण बुडत नाही, हे कबूल. मला काळजी त्या ४०,००० ची वाटते. हातात ४८,००० येत असताना एवढीच गंगाजळी म्हणजे एका महिन्याचीही सोय नाही. एसआयपी थांबवायचीच असेल तर ती गंगाजळी वाढवण्यासाठी थांबवा, कपड्यासाठी नको. आणि शिवून घेण्यात एक सोय आपसूक आहे: कापडाचे पैसे या महिन्यात, शिलाईचे पुढच्या महिन्यात, ब्लेझर हातात आल्यावर. बिनव्याजी दोन हप्ते, तेही कोणाच्या ॲपशिवाय. दौऱ्याच्या भत्त्यातून दिवसाला तीनशे उरतात असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे महिन्याला १,२००. सहा महिन्यांत जवळपास सगळा ब्लेझर त्यातूनच वसूल होतो.

आता कापड. पैसे इथेच वाया जातात, म्हणून जरा सविस्तर. दुकानदार 'सुपर १२०', 'सुपर १५०' असे शब्द टाकेल. तो आकडा जितका मोठा, तितका धागा बारीक आणि कापड नाजूक. लग्नाच्या सुटाला छान, पण गाडीत पाठ टेकून बसणाऱ्या माणसाला नाही. तुम्ही मध्यम वजनाचं, जरा पीळदार धाग्याचं, निम्मी लोकर असलेलं कापड मागा. मुठीत धरून करकचून आवळा आणि सोडा. चुण्या पटकन मोकळ्या झाल्या तर घ्या. खिशात दुमडलेल्या रुमालासारखं दिसलं तर ठेवून द्या, भाव कितीही उतरवला तरी.

शिंप्याला चार गोष्टी स्पष्ट सांगा. छातीला फक्त गोंदाचं फ्युजिंग, म्हणजे आतून चिकटवलेला थर, नको; आत शिवलेला कॅनव्हास घाला. थोडे पैसे जास्त घेईल, द्या. इस्त्रीची आणि ड्रायक्लीनची उष्णता लागून लागून फ्युजिंग सुटतं आणि छातीवर फोड आल्यासारखं दिसतं, मग तो ब्लेझर दुरुस्त होत नाही. अस्तर पाठीला अर्धंच लावा, मुंबईच्या दमटपणात तेवढाच आराम. बाह्यांना आणि बाजूच्या शिवणीत दाब, म्हणजे आत दुमडलेलं जास्तीचं कापड, ठेवायला सांगा. पस्तिशीनंतर तो कामाला येतो. आणि कच्च्या शिलाईवर ट्रायल घेतल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नका. खांदा तेव्हाच बघा, कारण कंबर आणि बाह्या नंतर कमी-जास्त होतात, खांदा चुकला की चुकलाच. तुळशीचं लग्न लागलं की शिंप्यांकडे रांग लागते, त्याआधी कापड देऊन ठेवा.

घरी ठेवताना लोकरीला कसर लागते हे विसरू नका. पावसाळ्यात कपाटात डांबरगोळ्या, आणि कधीतरी सावलीत वारा द्या. प्रवासात चुणी पडली तर हॉटेलच्या बाथरूममध्ये गरम पाणी सोडून वाफेत लटकवा, इस्त्री शोधत फिरू नका.

पहिली भेट आठ-दहा दिवसांवरच असेल तर मात्र शिंप्याला घाई करू नका. घाईची शिलाई महागात पडते. ती एक भेट स्वच्छ फॉर्मल शर्ट-पँटवर काढा. कारखान्यात यंत्र बघायला आलेल्या इंजिनिअरला त्यासाठी कोणी नापास करत नाही.

राहिला रंग. घरचे काळा म्हणतायत, मी नेव्ही ब्लू म्हणेन. काळ्यावर धूळ आणि कापसाचे तंतू उठून दिसतात, कोपराची चमकही लवकर कळते. नेव्हीखाली राखाडी, बेज, फिकट निळी, तुमच्याकडे आधीच असलेली कोणतीही पँट चालते. बटणं सोनेरी नकोत, साधी गडद. नाहीतर तो फक्त समारंभाचा होऊन बसेल आणि वर्षाला ४० वापरांचा माझा हिशोब कोसळेल.