अजिंठा बघायचं तर आधी १० नंबर

अरे, पहिली गोष्ट म्हणजे लेण्यांचे नंबर हे काळानुसार नाहीत, डोंगराच्या एका टोकापासून सरळ मोजत गेलेत. मी पहिल्या वेळी १ नंबरपासून सुरुवात केली आणि पद्मपाणी (हातात कमळ घेतलेल्या बोधिसत्त्वाचं प्रसिद्ध चित्र) बघून एवढा खूश झालो की जुनी चित्रं बघेपर्यंत डोळे थकलेले, डोक्यात काहीच शिरेना.

तू डायरेक्ट ९ आणि १० गाठ. ही इ.स.पूर्व काळातली. १० मधलं षड्दंत जातक (बुद्धाच्या आधीच्या जन्मातली, सहा सुळ्यांच्या हत्तीची गोष्ट) बघ, आता खूपच पुसट झालंय पण माणसांच्या डोक्यावरचे गाठ मारलेले फेटे नीट बघ, अगदी सांचीच्या शिल्पांतले वाटतात, आणि सगळा खेळ रेषेचा, रंग म्हणजे तांबडा, पिवळा, हिरवा, काळा, पांढरा बस. मग तिथेच खांबांकडे वळ. तिथे बुद्ध उभा दिसेल, तो पाचव्या शतकाच्या आसपासचा किंवा नंतरचा, कारण आधीच्या काळात बुद्धाला माणसाच्या रूपात दाखवतच नसत! एकाच खोलीत दोन जमाने, मला तर हा भाग पद्मपाणीपेक्षा भारी वाटतो.

नंतर १६, १७, मग १ आणि २. हे वाकाटक घराण्यातल्या हरिषेण राजाच्या काळातलं, म्हणजे पाचव्या शतकातलं. इथे निळा रंग येतो, नाकावर, हनुवटीवर पांढरे हायलाइट्स येतात, शेडिंगमुळे अंगाला गोलाई येते, गर्दी वाढते.

आणि हो, याला फ्रेस्को म्हणू नकोस, फ्रेस्को ओल्या गिलाव्यावर रंगवतात, हे वाळलेल्या गिलाव्यावर रंगवलंय.