५० किलोचं मशीन रोज ५० किलो बर्फ देईल का?

तुमचा प्रश्न असा: नवीन कॅफेला दिवसाला साधारण ५० किलो बर्फ लागेल, तर ५० किलोचं मशीन पुरेल का? मी बर्फाच्या मशीनची देखभाल-दुरुस्ती करतो. माझं उत्तर, नाही पुरणार.

माहितीपत्रकातला आकडा २४ तासांचा असतो, आणि बऱ्याचदा हवा २१ अंश व पाणी १० अंश धरून काढलेला असतो. एएचआरआय या अमेरिकी संस्थेच्या मानकात हवा ३२ आणि पाणी २१ अंश धरतात. विक्रेत्याकडे हा दुसरा आकडा मागा. १० अंशांच्या एक किलो पाण्याचा बर्फ करायला सुमारे ३७६ किलोज्यूल उष्णता काढावी लागते, ३० अंशांच्या पाण्यातून ४६०. त्यात मशीन भट्टीशेजारी कोंदट कोपऱ्यात असेल, तर कंडेन्सरला ती उष्णता बाहेर टाकणंही जड जातं.

शिवाय ५० किलो म्हणजे तासाला जेमतेम दोन किलो. गर्दीच्या दोन तासांत मशीन चारच किलो देणार, बाकीचा बर्फ आधीच बिनमध्ये, म्हणजे मशीनखालच्या साठवणीच्या पेटीत, साठलेला हवा. बिन भरला की मशीन थांबतं. लहान बिन घेतला, तर रात्रभर मशीन नुसतं उभं राहील. म्हणून बिनच्या मापाकडे मशीनइतकंच लक्ष द्या.

पेयांसाठी क्यूबच घ्या. फ्लेक, म्हणजे पातळ कपच्यांचा बर्फ मासळी मांडून ठेवायला उत्तम, पण ग्लासात लगेच विरघळतो.

आता पाणी. माझ्या मते निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच असतं. बऱ्याच क्यूब मशीनमध्ये उभ्या थंड प्लेटवरून पाणी सतत वाहत असतं. शुद्ध पाणी आधी गोठतं, क्षार वाहत्या पाण्यात मागे राहतात, म्हणून क्यूब काचेसारखा स्वच्छ दिसतो. बर्फ पुरेसा जाड झाला की एक व्हॉल्व्ह उघडतो, कॉम्प्रेसरचा गरम गॅस प्लेटमागच्या नळ्यांत शिरतो आणि अख्खी लादी सुटून बिनमध्ये पडते. पाणी जड असेल तर प्लेटवर क्षारांचा पांढरा थर बसतो आणि लादी सुटता सुटत नाही. अशा वेळी ‘गॅस संपला’ म्हणून गॅस भरून घेतला जातो, आणि तक्रार जिथल्या तिथे राहते. कृपया आधी प्लेट बघा. चिकटलेला बर्फ स्क्रू-ड्रायव्हरने तर कधीच खरवडू नका. प्लेटवरचा निकेलचा मुलामा गेला की तो परत येत नाही. क्षार काढायचं द्रावणही निकेलला चालणारंच हवं.

फिल्टर बसवाच. पण सरसकट आरओ जोडण्याआधी मशीनचं पुस्तक वाचा. काही मशीनमधले सेन्सर पाण्यातून वाहणाऱ्या सूक्ष्म विजेवर चालतात. क्षार फारच कमी झाले तर त्यांना पाणी आहे हेच कळत नाही.

दर सहा महिन्यांनी क्षार काढणं आणि जंतुनाशक फिरवणं, ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोन्ही लागतात. शेजारी पीठ आंबत असेल तर त्याहून लवकर, कारण हवेतलं यीस्ट आत जाऊन बुळबुळीत थर धरतं. बर्फ हा खाद्यपदार्थच आहे. तो ग्लासाने काढू देऊ नका. काठ फुटला तर काचेचा तुकडा बर्फात दिसणारही नाही आणि सगळा बिन रिकामा करावा लागेल.

जागा ठरवताना निचऱ्याचाही विचार करा. बिनची नळी सांडपाण्याच्या पाइपात थेट घुसवू नका, मध्ये मोकळं अंतर ठेवा. नाहीतर पाइप तुंबला की घाण पाणी उलटं बर्फात चढतं.