पॅरिस हवामान कराराखाली देश जे अहवाल देतात त्यांच्या रिव्ह्यूला (तज्ज्ञांच्या तपासणीला) पहिल्यांदा बसताय? मग एवढं बघा

अभिनंदन, आणि अख्खा बीटीआर (देशाचा दर दोन वर्षांचा पारदर्शकता अहवाल) पाठ करायच्या भानगडीत पडू नका. आधी तक्ते आणि मजकूर शेजारी उघडून ताळा लावा, तक्त्यात एनडीसीचं (देशाने स्वतः ठरवलेल्या हवामान टार्गेटचं) बेस इयर (ज्या वर्षाशी तुलना करायची ते) एक आणि मजकुरात भलतंच असं चिक्कार सापडतं.

नवे लोक हमखास चुकतात ते इथे:
- देशाचं टार्गेट कमी आहे असं लिहितात. पॅरिस कराराच्या रिव्ह्यूत ते आपलं कामच नाही.
- विकसनशील देशाने फ्लेक्झिबिलिटी (क्षमता कमी असल्याने अहवालाच्या नियमांत मिळणारी सवलत) का घेतली यावर वाद घालतात, तेही नाही चालत.
- नियमात 'शॅल' (म्हणजे बंधनकारक) असेल तरच रेकमेंडेशन (शिफारस) लिहायची, नाहीतर एन्करेजमेंट (नुसतं प्रोत्साहन).

आणि "पारदर्शकता वाढवा" असलं मोघम नको हो, कुठला तक्ता, कुठली ओळ, काय राहिलंय ते लिहा म्हणजे पुढच्या रिपोर्टमध्ये त्यांना दुरुस्त तरी करता येईल. अनसर्टन्टी (आकड्यांतली अनिश्चितता) वगैरे नंतर बघू.