शॅमेलिऑन शोधायचा तर नजर जमिनीवरही ठेव

प्रिय मित्रा,

शॅमेलिऑन या रंग बदलणाऱ्या सरड्यावर काम करायचं म्हणतोस आणि सगळं पत्र मादागास्करनेच भरून टाकलंस. त्यात वावगं काही नाही. जगातल्या दोनशेहून अधिक जातींपैकी जवळपास निम्म्या त्या एका बेटावर आहेत. पण आपल्या बांधावरच्या बाभळीत राहतो त्याचं काय? भारतीय शॅमेलिऑन भारत, श्रीलंका आणि पाकिस्तानात आढळतो, आणि त्याच्या गावोगावच्या नोंदी करायला माणसं कमीच पडतात.

रंगाच्या कौतुकात फार अडकू नकोस. पानासारखं दिसायला तो रंग बदलतो, ही समजूत आधी डोक्यातून काढ. रंगामागे ऊन असतं, भीती असते, दुसऱ्या नराचा राग असतो. मला विचारशील तर त्याचे पाय बघ. दोन बोटं एकीकडे, तीन दुसरीकडे, अशी चिमट्यासारखी जुळलेली. फांदी धरायला याहून चांगली सोय नाही. डांबरावर मात्र त्याच पायांनी तो झुलत झुलत, एकेक पाऊल टाकत जातो, आणि गाडी येते.

झाडावर राहणाऱ्या या जिवाचं पुढचं सगळं जमिनीवर ठरतं. अंडी घालायला मादी खाली उतरते, मऊ मातीत बीळ उकरते, अंडी घालून माती परत लोटते आणि निघून जाते. अंडी पुढे कित्येक महिने तिथेच. मधल्या काळात कुणी बांध पेटवला किंवा जेसीबी लावून सपाट केला, की झाडं जागेवर दिसतात पण पिढी गेलेली असते. म्हणून नुसती झाडं मोजून परत येऊ नकोस. बांध कधी जाळतात, कधी नांगरतात, तेही शेतकऱ्याला विचारून लिहून ठेव.

विचारताना पुस्तकी नाव घेऊ नकोस. 'शेपटीची गुंडाळी करणारा, दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा' एवढं सांगितलंस की लोक ओळखतात. 'लई विषारी' असंही ऐकायला मिळेल. त्याला विष नाही, हे सांग. पण घरच्या म्हाताऱ्यांशी वाद घालत बसू नकोस, पुढच्या वेळी चहा मिळणार नाही.

रात्री विजेरीच्या उजेडात तो फांदीच्या टोकाला फिकट, पांढुरका दिसतो, त्यामुळे शोधायला रात्रच सोपी. पण पकडणाऱ्यांनाही हे ठाऊक असतं. फोटो टाकलास तरी जागा सांगू नकोस, गावाचं नावसुद्धा नको. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे, तेव्हा मोजमापासाठीही वनखात्याच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही. रस्त्यात दिसला तर काठी पुढे कर. तो आपणच चढेल. मग ज्या बाजूला तोंड होतं, त्याच बाजूच्या झुडपात सोड. उलट नेलास तर पुन्हा रस्त्यावर येईल.

आफ्रिकेतल्या मलावी देशातला चॅपमनचा बुटका शॅमेलिऑन संपला की काय अशी भीती होती. २०१६ साली जंगलाच्या उरलेल्या तुकड्यांत तो पुन्हा सापडला. मादागास्करला जाशील तेव्हा जा. आधी तुझ्या तालुक्यातले बांध पायाखाली घाल, आणि पावसाळा सरला की पहिल्या नोंदी मला पाठव. अक्षर जरा नीट काढ.

तुझा,
काका