जुन्या ड्राय रिझलिंगला रॉकेलचा वास येतोय, बाटली खराब झाली का?

नाही हो, ओतून टाकू नका! तुम्ही लिहिलंय की मावसभावाने जर्मनीहून दोन ड्राय रिझलिंग (रिझलिंग द्राक्षाची, गोड नसलेली व्हाईट वाईन) आणल्या, 2012 ची (म्हणजे त्या सालच्या द्राक्षांची) रत्नागिरीला घरी उघडली तर रॉकेलचा वास आला आणि 2021 ची अजून बंद आहे. मी युरोपात नदीवरच्या क्रूझवर सहा वर्षं बारमध्ये होतो, आता गुहागरला घरीच असतो, त्यामुळे या वासाशी माझी जुनी ओळख आहे. पहिल्यांदा आला तेव्हा मला थेट आजीचा कंदील आठवला, काच पुसताना हाताला यायचा ना तोच वास, आणि मी गुपचूप ग्लास बदलून आणला तर सीनियर हसायला लागला.

तो वास टीडीएन नावाच्या एका द्रव्याचा. द्राक्षात कॅरोटिनॉइड असतात, गाजराला रंग देणाऱ्यांच्याच खानदानातले, त्यांच्यापासून हे बाटलीत हळूहळू तयार होतं आणि रिझलिंगमध्ये बाकी द्राक्षांपेक्षा फार जास्त. घडांना ऊन जितकं जास्त लागलं तितका वास जास्त आणि लवकर. म्हणून ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर व्हॅलीच्या रिझलिंगला तो कधीकधी दोन-तीन वर्षांतच येतो. त्यात तिकडच्या बऱ्याच वाईनवाल्यांनी 2000 च्या हंगामापासून एकत्र ठरवून बुचाऐवजी फिरकीचं झाकण लावलं, आणि बूच हा वास थोडा शोषून घेतं, झाकण नाही घेत.

आता खरी गंमत. जर्मनीत मोझेल नदीवर बर्नकास्टेल गावाला बोट थांबायची, तिथल्या एका छोट्या तळघरात एकदा एकाच मळ्याच्या तीन ड्राय बाटल्या चाखल्या, 2021, 2018 आणि 2010. मला वाटलं 2010 ची सगळ्यात म्हातारी लागणार. कसलं काय! 2010 ला तिकडे आंबटपणा प्रचंड होता, त्यामुळे रंग सोनेरी झालेला पण जिभेवर अजून लिंबू पिळल्यासारखी करकरीत, रॉकेल अगदी लांबून. 2018 चा उन्हाळा कडक आणि कोरडा गेला होता, ती आठ वर्षांनी धाकटी असून थोराड लागली, पिकलेला पीच, मध, रॉकेलही जास्त, आंबटपणा बेताचा. 2021 थंड आणि पावसाळी साल, ती नुसती हिरवं सफरचंद आणि दात आंबणं. म्हणजे बाटलीचं वय एक आणि त्या सालचं हवामान दुसरं, जिभेवर दोन्ही एकदम येतात आणि आपण सगळं वयाच्या खात्यात टाकतो.

अजून एक, जुनीला मधाचा वास येतो म्हणून लोक तिला गोड म्हणतात. पिऊन बघा, गोडी लागत नाही. जर्मन लेबलवर ट्रोकन (म्हणजे ड्राय) लिहिलेलं असेल तर साखर लिटरला जास्तीत जास्त 9 ग्रॅम, आणि एवढ्या आंबटपणात ती कळतही नाही. तळाला खड्यासारखं काही दिसलं तर घाबरू नका, ते टार्टारिक ॲसिडचं मीठ, आपल्या चिंचेत असतं तेच ॲसिड.

खराब झालेली कशी ओळखायची ते मात्र मी स्वतःच्या मूर्खपणातून शिकलो. एक चांगली बाटली स्वयंपाकघरातल्या कपाटात ठेवली, एप्रिल-मे तिथेच काढला, वर लाईट जाणं रोजचं. जूनमध्ये बघतो तर बूच वर सरकलेलं, लेबलवर बुरशी (ती बिचारी निरुपद्रवी), वाईन चहासारखी तपकिरी, वास कापून ठेवलेल्या सफरचंदाचा, आणि चव मागे रेंगाळतच नाही, घोट संपला की सगळं संपलं. तुमची सोनेरी असेल आणि घोटानंतर तोंडाला पाणी सुटत असेल तर ती ठणठणीत आहे. बारा-तेरा डिग्रीचं तळघर आपल्याकडे कोणाकडे असतंय, त्यामुळे 2021 ची अजून दहा वर्षं ठेवायचा विचार असेल तर सोडा, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात आडवी टाका आणि या थंडीतच उघडा.

किंवा सरळ दोन्ही शेजारी शेजारी प्या, 2012 ची बूच लावून फ्रीजमध्ये ठेवली तर एक-दोन दिवस सहज टिकते. आधी 2021. फ्रीजमधून काढल्या काढल्या नको, वास मेलेला असतो, पंधरा मिनिटं बाहेर राहू दे, मे महिन्यात पाचच. 2021 बरोबर कालवं मिळाली तर सोनं, 2012 बरोबर बांगड्याचं तिखलं. फक्त तिरफळ जरा हात राखून घाला, त्याच्या वासापुढे रॉकेलसुद्धा कळत नाही.