मुलांना गावी नेताय? तिकीट डिसेंबरचं काढा

न्यू जर्सीहून एका ताईंनी विचारलंय, मुलं नऊ आणि बारा वर्षांची, जन्म तिकडचाच, पहिल्यांदाच कोल्हापूर आणि तिथनं पुढं गाव दाखवायचंय, तर जुलै-ऑगस्टच्या सुट्टीत जावं का. ताई, माझं ऐकाल तर नको.

आम्ही तो उद्योग २०१९ च्या ऑगस्टमध्ये करून बसलोय. मुंबईला उतरलो, गाडी ठरलेली, आणि तिकडं राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर, धोक्याची पातळी ४३ ला असते म्हणजे विचार करा. शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली. साताऱ्यात नातेवाइकांकडं पडून राहिलो, आई फोनवर रोज "आज तरी पाणी उतरलं का बघा की" म्हणायची आणि सुट्टी संपत चाललेली. दरवर्षी असं होतंय असं नाही, पण आयुष्यात पहिल्यांदा नेताय तर कशाला रिस्क.

डिसेंबरची तिकीटं महाग असतात, मान्य. शाळाही चार-पाच दिवस बुडेल. बुडू दे.

कागदाचं आधी बघा. पोरांचं ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) असेल आणि मधल्या काळात त्यांचा पासपोर्ट बदलला असेल (तिकडं लहान मुलांचा पाचच वर्षांचा असतो, त्यामुळं बदलतोच) तर नवीन पासपोर्ट आणि फोटो ऑनलाइन अपलोड करून टाका, आदल्या आठवड्यात आठवायची गोष्ट नव्हे ही.

मुंबईत उतरून लगेच गाडीनं पावणेचारशे किलोमीटर अजिबात करू नका, सातारा-कागल रस्त्याचं काम कधीचं चाललंय ते विचारू नका. एक रात्र मुंबईत झोपा, दुसऱ्या दिवशी महालक्ष्मी एक्सप्रेस धरा, रात्री सीएसएमटीला बसलं की सकाळी कोल्हापूर. बुकिंग ६० दिवस आधी उघडतंय, भावाला सांगून ठेवा, त्याच्याकडं भारतातला मोबाइल नंबर आहे त्यामुळं भानगड होत नाही.

आता जेटलॅग. हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक, म्हणजे पोरं रात्री तीनला टक्क जागी. सगळे वैतागतात, मी म्हणते फायदा घ्या. आंघोळी उरकायच्या आणि पहाटे काकड आरतीला अंबाबाईला. गर्दी कमी, दगडी फरशी पायाला गार लागते, माझा धाकटा तिथं पहिल्यांदा काही न बोलता अर्धा तास उभा राहिला. दुपारच्या रांगेत नेलं असतं तर वायफाय मागितलं असतं.

खाण्याचं थोडक्यात. पहिले दोन दिवस वरणभात, मग पांढरा रस्सा, मिसळ आणि तांबडा शेवटी. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर म्हैस पिळून धारोष्ण दूध देतात, बघायला न्या, पाजू नका, घरी नेऊन तापवा. मामा "आम्ही न्हाई का वाढलो" म्हणतील, म्हणू देत.

आणि गावी मुक्काम करा हो! सकाळी जाऊन संध्याकाळी हॉटेलला परत, असं करणारे खूप बघितलेत, त्यात फक्त चहा होतो सात घरी. दोन-तीन रात्री राहा आणि एक अख्खी सकाळ गुऱ्हाळावर घालवा, डिसेंबर त्यासाठीच. चुलवाणात, म्हणजे मोठ्या चुलीत, चिपाडं (रस काढून वाळवलेला ऊस) ढकलणारा माणूस, काहिलीत, म्हणजे भल्यामोठ्या कढईत, उकळणारा रस, रानभेंडीचं पाणी टाकलं की वर येणारी मळी आणि ती झाऱ्यानं ओढून काढणारा गुळव्या. नुसत्या फेसाकडं बघून त्याला कळतंय कधी उतरवायचं, थर्मामीटर नाही काही नाही. थोरल्यानं त्याला इंग्लिशमधी विचारलं, त्यानं कोल्हापुरीत सांगितलं, दोघांचं झकास जमलं. नंतर उसाच्या कांडक्यावर गरम गूळ गुंडाळून दिला, बोटं भाजली, तरी दुसऱ्यांदा मागितला.

येताना काकवी (गूळ व्हायच्या आधीचा पातळ पाक) आणाच, पण स्टीलच्या घट्ट डब्यात, वर दोन पिशव्या, आणि चेक-इन बॅगेत. मी हँडबॅगेत ठेवली होती, १०० मिलीच्या वर चालत नाही म्हणून दोन किलो काकवी सिक्युरिटीला तिथंच सोडून आले, अजून आई विचारते, कशी होती गं.